वाचनालयाचे कुलूप काढा आणि सभागृहाच्या खिडक्या उघडा : समाजमंदिराच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, चिटणीस व सर्व विश्वस्त,
आपल्या भागातील समाजमंदिर व वाचनालय,
पूर्व भाग, सोलापूर.

विषय : वाचनालय व महिलांची खोली कायमची बंद करण्याचा ठराव मागे घेण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

संस्थेच्या यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तळमजल्यावरील वाचनालय आणि त्याला लागून असलेली महिलांची खोली कायमची बंद करून ती जागा मंगल कार्यालयाच्या सामानासाठी वापरण्याचा ठराव मंजूर झाला. कोरोनानंतरच्या काळात ज्येष्ठ सभासदांनी बंदिस्त जागेत एकत्र बसणे त्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने हिताचे नाही, असे कारण ठरावात दिले आहे. मी संस्थेची आजीव सभासद आहे. सभेत मी विरोध नोंदवला आणि नंतर चिटणिसांकडे लेखी हरकतही दिली. हरकतीची पोच मिळाली, उत्तर मात्र आले नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ते आपल्याला उद्देशून आहेच, पण मार्च 2020 मध्ये लावलेले एखादे कुलूप ज्यांनी अजून काढलेले नाही अशी जी मंडळे, ज्ञातिसंस्था आणि सोसायट्या या शहरात आहेत, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगते. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, ते कोरोनाने गेले. त्या वेळी अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. आमच्याकडे तेवढीही माणसे आली नाहीत, कारण निम्म्या गल्लीत घरटी कोणी ना कोणी आजारी होते. माझ्या आईने, आम्ही तिला अम्मा म्हणतो, आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, आणि त्या तंबाखूची धूळ श्वासावाटे दिवसभर आत जाणारी, असे तिचे सगळे वय गेले. आता तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. दोन वेळा इनहेलर घ्यावा लागतो आणि साधी सर्दीसुद्धा तिच्या छातीत उतरते. दवाखान्यात जाताना आम्ही दोघी आजही मास्क लावतो, लसीच्या सर्व मात्रा आम्ही वेळच्या वेळी घेतल्या आहेत. त्यामुळे साथ संपली, आता कशाला जपायचे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझे म्हणणे असे आहे की ज्याला सर्वांत अधिक जपावे लागते, त्यालाच माणसांच्या सहवासाची सर्वांत अधिक गरज असते, आणि म्हणून त्याच्यासाठी जागा सुरक्षित करायची असते, जागेला कुलूप लावून त्याला घरी बसवायचे नसते.

आपण 2020 मध्ये जे केले त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माग बंद पडले, विडी कारखान्यांतून पान-तंबाखू मिळणे थांबले आणि आमच्या भागातील घरांत आठवडाभराचा शिधाही उरला नाही, तेव्हा याच सभागृहात धान्याच्या पिशव्या भरल्या गेल्या आणि घरोघरी पोचल्या. पुढच्या वर्षी लसीकरणाचे शिबिर याच वास्तूत झाले, आणि लस घ्यायला घाबरणाऱ्या बायकांना समजावायला आपल्यापैकी काही जण दारोदार तेलुगूतून बोलत फिरले. तेव्हा वाचनालय बंद करणे योग्यच होते. लस नव्हती, विषाणूची ओळख नव्हती, दवाखान्यात खाट मिळत नव्हती. त्या निर्णयाविषयी माझी कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या वर्षांविषयी.

कारण त्यानंतर सारे काही उघडले. राज्य सरकारने 31 मार्च 2022 रोजी निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला आणि त्या गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला न्याव्या लागल्या होत्या, ती आषाढी वारी 2022 मध्ये पुन्हा पायी चालत आपल्या जिल्ह्यात आली. सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज पुन्हा भर गर्दीतून निघू लागले, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर पाय ठेवायला जागा मिळेनाशी झाली, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, भरू लागला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ पूर्वीसारखा निघू लागला आणि आपण सर्व त्यात होतो. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही आता जागतिक आणीबाणी राहिली नसल्याचे जाहीर केले. विषाणू नाहीसा झाला असे संघटनेने म्हटले नव्हते, त्याच्यासोबत दीर्घकाळ राहण्याची व्यवस्था लावा असे तिचे सांगणे होते. आपल्या समाजमंदिरात ती व्यवस्था लावायची राहून गेली. वरचे सभागृह लग्नांसाठी 2022 मध्येच उघडले, खालचे वाचनालय मात्र आजतागायत बंद आहे.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार याच विसंगतीबद्दल आहे. लग्नसराईत वरच्या सभागृहात चार-पाचशे माणसे दाटीने बसतात. ज्या ज्येष्ठांच्या प्रकृतीची काळजी ठरावात व्यक्त झाली आहे, त्यांतील जिना चढू शकणारे सर्व त्या गर्दीत असतात, किंबहुना त्यांना पत्रिका देऊन, घरी माणूस पाठवून आग्रहाने बोलावले जाते. ते पंगतीत बसतात, स्टेजवर जाऊन आशीर्वाद देतात, फोटो काढून घेतात. त्याच ज्येष्ठांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोलीत दहा-बारा जणांनी मिळून वर्तमानपत्र वाचणे मात्र आपल्याला धोक्याचे वाटते. आपला हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या जागेचे भाडे येते तिथे सावधगिरी उरली नाही आणि ज्या जागेचे भाडे येत नाही तिथेच ती टिकून राहिली, ही वस्तुस्थिती आहे, आणि ती सभासदांना स्पष्ट दिसते.

दुसरी तक्रार हवेची आहे, आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण साथीने आपल्याला शिकवलेली सर्वांत उपयोगी गोष्ट आपण इथेच विसरलो आहोत. सुरुवातीच्या महिन्यांत आपण सगळे दाराच्या कड्या आणि भाजीच्या पिशव्या पुसत होतो. पुढे हे स्पष्ट झाले की हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे पसरतो, आणि बंद खोलीत असे कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होऊन बाहेर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सार्वजनिक जागांसाठी दर माणसामागे सेकंदाला किमान 10 लिटर ताजी हवा आत यावी असे म्हटले आहे. हे फक्त कोरोनापुरते नाही. क्षयरोगही हवेतूनच पसरतो, जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि कोंदट एका खोलीत विड्या वळणाऱ्या, मागाच्या तुसात राबणाऱ्या आपल्या भागाला तो आजार परका नाही.

असे असताना आपण सभागृहाचे काय केले? वातानुकूलन बसवताना पूर्वेकडच्या सगळ्या खिडक्या प्लायवूड लावून बंद केल्या आणि त्यावर मखमली पडदा सोडला. स्टेजमागच्या दोन उंच झरोक्यांत थर्मोकोल कोंबला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. म्हणजे चारशे माणसांनी सोडलेला श्वास तीन-चार तास त्याच चार भिंतींत फिरत राहतो. सोलापूरचा उन्हाळा मला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर गेलेला असताना एसी नको, असे मी म्हणणार नाही. पण एसी चालू असतानाही झरोक्यांत एक्झॉस्ट पंखे फिरू शकतात आणि समोरची दोन तावदाने थोडी उघडी राहू शकतात. विजेचे बिल थोडे वाढेल, आणि ते लग्नाच्या भाड्यात सहज सामावेल. वाचनालयाची खोली तर मुळातच हवेशीर आहे. तिला तीन बाजूंनी खिडक्या आहेत आणि समोर अंगणात कडुलिंब आहे. संपूर्ण वास्तूत सर्वांत सुरक्षित असलेली खोली आपण आरोग्याच्या कारणाने बंद ठेवली आहे आणि सर्वांत कोंदट खोली भाड्याने देत आहोत.

तिसरी तक्रार त्या खोलीत काय होते आणि काय थांबले, याची आहे. सभेनंतर शिपायाने मला ती खोली उघडून दाखवली. भिंतीलगतची ती तिरकी लाकडी फळी अजून तिथे आहे, वर्तमानपत्र अडकवायची पितळी दांडी तिच्यावर तशीच आहे, आणि वर्षानुवर्षे उभ्याने वाचणाऱ्यांच्या कोपरांनी तिची खालची कड गुळगुळीत झाली आहे. तिच्यापुढे आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचे छताला टेकणारे थर आहेत, नवरा-नवरीचा सोफा आडवा उभा केला आहे आणि कागदी फुलांच्या कमानी आहेत. मराठी, तेलुगू आणि कन्नड पुस्तकांची कपाटे त्या कमानींच्या मागे आहेत. त्यांपैकी एका कपाटाला वाळवी लागली आहे. मागावरून निवृत्त झालेले कामगार सकाळी इथे येत. त्यांच्यातील अनेकांच्या घरी एकच खोली आहे, तीत मुलगा, सून, नातवंडे आणि शिवणयंत्र. सकाळचे दोन तास तिथून बाहेर पडता येणे हीच त्यांची मोठी सोय होती. ते आता चौकातल्या टपरीच्या फळीवर, रहदारीच्या धुरात बसतात. काही जण बाहेर पडेनासेच झाले आहेत.

महिलांच्या खोलीत दुपारी कारखान्यात माल देऊन आलेल्या बायका जमत. आपल्यापैकी अनेकांना वाटते की तिथे फक्त गप्पा आणि भिशी चाले. भिशी चालेच, आणि ती महत्त्वाची होती, पण त्याशिवाय मजुरीच्या पुस्तकातील आकडे एकमेकींशी ताडून पाहिले जात, भविष्य निर्वाह निधीचे अर्ज भरले जात, पेन्शनसाठी हयातीचा दाखला कुठे आणि कधी द्यायचा हे समजे. लिहिता-वाचता येणारी एखादी सून किंवा मुलगी दहा जणींची कामे करून देई. कोणाचा नवरा पिऊन मारतो, कोणाला खोकल्यातून रक्त पडते, हेही तिथेच सर्वांत आधी कळे आणि कोणीतरी तिला दवाखान्यात घेऊन जाई. बतुकम्मा या तेलुगू बायकांच्या सणाची फुले याच अंगणात रचली जात. आज अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग केले आहे. अम्मा विचारते, आपली खोली कधी उघडणार. तिला पुढच्या महिन्यात, दिवाळीनंतर, असे सांगत राहणे आता माझ्याच्याने होत नाही. ती अशक्त झाली आहे ती केवळ फुप्फुसामुळे नाही. जून 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य यांचा धोका एकाकीपणाने वाढतो. म्हणजे घरी बसवून ठेवणे हासुद्धा आरोग्याला धोकाच आहे, आणि त्याचा विचार ठराव करताना झालेला नाही.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. फेब्रुवारीतील एका लग्नात अम्मा मास्क लावून बसली होती. तेव्हा संस्थेच्याच दोन पदाधिकाऱ्यांनी, आता कसला कोरोना, असे म्हणून चारचौघांत हसत तिला मास्क काढायला लावला. हीच मंडळी नंतर ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठी हात वर करतात, याचा मला मनापासून त्रास झाला. मास्क लावणाऱ्याला लावू द्यावा, न लावणाऱ्याला दटावू नये, आणि ज्याला खोकला-ताप आहे त्याने तेवढे दिवस घरी थांबावे, इतका साधा शिष्टाचार तरी या वर्षांनी आपल्याला शिकवायला हवा होता.

पाचवी तक्रार बंदीला मुदत नसण्याची आहे. सुरुवातीला आपण सूचना फलकावर लिहिले, पुढील आदेश होईपर्यंत. कोरोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार आला तेव्हा बंदीला पुन्हा कारण मिळाले. सरकारचे आदेश संपले, तो फलक तसाच राहिला. मे-जून 2025 मध्ये रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हाही तेच कारण मिळाले. त्या लाटेत बहुतेकांचा आजार सौम्य होता आणि पावसाळ्यात ती ओसरली, पण खोली बंदच राहिली. यापुढेही सर्दी-तापाच्या साथी येतच राहतील. जुनी मंडळी 1897 च्या साथरोग कायद्याची आणि प्लेगमध्ये गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी सांगतात, पण प्लेग ओसरल्यावर ती माणसे घरी परतली होती. कोणतीही बंदी घालताना ती किती दिवसांची, कोणत्या कारणाने आणि कशावरून उठवायची हे लिहून ठेवले नाही, तर तिचे रूपांतर सवयीत होते, आणि रिकाम्या जागेवर दुसऱ्याच कोणाची गरज येऊन बसते. आपल्याकडे तेच झाले आहे.

आणि शेवटची तक्रार ठराव ज्या रीतीने झाला त्याबद्दल. सभा रात्री आठ वाजता, वरच्या मजल्यावर, खिडक्या बंद असलेल्या त्याच सभागृहात ठेवली गेली. ज्यांच्याविषयी ठराव होता, त्यांतील अनेक जण जिना चढू शकत नाहीत, आणि जे चढू शकतात त्यांना घरच्यांनी रात्रीच्या सभेला पाठवले नाही. ज्येष्ठांच्या हिताचा निर्णय ज्येष्ठांच्या गैरहजेरीत झाला. महिलांच्या खोलीचा निर्णय घेताना सभागृहात आम्ही महिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो.

आता मागण्या. त्या मी पूर्ण विचार करून लिहिल्या आहेत आणि त्यांतील एकही संस्थेच्या आवाक्याबाहेरची नाही.

वाचनालय व महिलांची खोली बंद करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि तिथले सामान एका महिन्यात हलवून दोन्ही खोल्या पूर्वीच्या वेळांना उघडाव्यात. उन्हाळ्यात वाचनालय सकाळी सात ते दहा असावे, म्हणजे उन्हाचाही त्रास होणार नाही. आठवड्यातील दोन सकाळी अशा ठेवाव्यात की त्या वेळी येणारा प्रत्येक जण मास्क लावेल, जेणेकरून दमा, मधुमेह, डायलिसिस किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेले सभासद निर्धास्तपणे येऊ शकतील. बाकीच्या दिवशी मास्क ऐच्छिक असावा. ज्याला ताप-खोकला आहे त्याने येऊ नये, आणि त्याच्या घरी आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पोचते करावे. ते काम करायला आम्ही काही सभासद तयार आहोत.

वरच्या सभागृहाच्या पूर्वेकडील किमान चार खिडक्या पुन्हा उघडता येतील अशा कराव्यात, झरोक्यांतील थर्मोकोल काढून तिथे एक्झॉस्ट पंखे बसवावेत आणि ते चालू ठेवणे ही भाड्याच्या करारातील अट असावी. हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र भिंतीवर लावावे. मोकळ्या हवेत ते साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) दाखवते, आणि आकडा 1000 च्या वर जाऊन तिथेच राहू लागला की ताजी हवा कमी पडते आहे असे समजून दारे उघडावीत. ते यंत्र वाचायला डॉक्टर लागत नाही.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, हे लक्षात घेऊन वाचनालयाच्या दाराशी हात धुण्यासाठी स्वतंत्र टाकी असावी आणि पाण्याच्या दिवशी ती न चुकता भरावी. खालच्या मजल्यावरील स्वच्छतागृहाचे कुलूपही काढावे. त्याच्या किल्ल्या लग्नाच्या ठेकेदाराकडे असणे योग्य नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ज्येष्ठांसाठी फ्लूच्या लसीबाबत डॉक्टरांचे मार्गदर्शन आणि क्षयरोग तपासणीचे शिबिर ठेवावे. 2021 मध्ये आपण याहून कितीतरी अवघड काम केलेले आहे.

पुढची साथ आली तर काय करायचे याचा एक पानी नियम लिहून फलकावर लावावा. बंदी कोण घालणार, कोणत्या सरकारी सूचनेच्या आधारे घालणार, आणि दर पंधरा दिवसांनी तिचा फेरविचार कोण करणार, हे त्यात असावे. फेरविचार झाला नाही तर बंदी आपोआप उठावी. बंदीच्या काळात एकट्या राहणाऱ्या सभासदांची रोज फोनवर विचारपूस करणाऱ्यांची यादीही त्याच पानावर असावी. सभागृहाच्या भाड्यातून वाचनालयावर दर वर्षी किती रक्कम खर्च होते, ती अहवालात वेगळी दाखवावी. कार्यकारिणीत दोन महिला असाव्यात, आणि त्यांतील एक विडी कामगार असावी.

या सर्व विषयांवर निर्णय घेण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. त्यासाठी आवश्यक तेवढ्या सभासदांच्या सह्या मी गोळा करत आहे आणि त्या लवकरच कार्यालयात जमा करीन. सभेची सूचना मराठीबरोबर तेलुगूतही काढावी. सभा सकाळी, तळमजल्यासमोरच्या अंगणात, त्या दिवसापुरत्या गाड्या बाहेर लावून घ्यावी, म्हणजे जिना चढू न शकणाऱ्या आणि बंद सभागृहात बसू न शकणाऱ्या सभासदांनाही स्वतः हजर राहून मत देता येईल.

कळावे.

आपली नम्र,
संस्थेची एक आजीव सभासद,
पूर्व भाग, सोलापूर